पॅकेट_टाइप हँडलरमध्ये यूडीपी ‘ड्रॉप’ केलं तरी पुढे जातंच. प्रोटोकॉलची गाळणी कर्नलमध्ये नेमकी कुठे लावायची?

प्रश्न: बिटफुटाणे

कर्नल ६.१ (डेबियन १२), एक्स८६-६४, दोन इथरनेट पोर्ट. येणारं ट्रॅफिक प्रोटोकॉल बघून कर्नलमध्येच गाळायचं आहे. यादी अशी:

- एलएलडीपी (शेजारची उपकरणं ओळखणारा प्रोटोकॉल; इथरटाइप, म्हणजे फ्रेममधला प्रोटोकॉलचा क्रमांक, हेक्स ८८सीसी) आणि पीपीपीओई (८८६३, ८८६४) पूर्ण बंद
- आयपीव्ही४ मध्ये फक्त टीसीपी (६) आणि आयसीएमपी (१) चालू, यूडीपी (१७) बंद
- एआरपी (०८०६) चालू
- आयपीव्ही६ नंतर बघू

नियमांची यादी दुसरं एक मॉड्यूल चालू सिस्टिमवर बदलतं, म्हणून आयपीटेबल्स न वापरता मॉड्यूलमधूनच करायचं आहे.

आत्ताचा कोड: स्ट्रक्ट पॅकेट_टाइप भरलं, टाइपमध्ये ईटीएच_पी_आयपी (एचटॉन्समधून), डेव्ह नल, आणि डेव्ह_ॲड_पॅक केलं. हँडलरमध्ये आयपी_एचडीआर घेऊन प्रोटोकॉल १७ निघाला तर केफ्री_एसकेबी (एसकेबी म्हणजे कर्नलमध्ये पॅकेट धरणारी रचना) करून एनईटी_आरएक्स_ड्रॉप परत करतो. बाकी सगळ्यांना एनईटी_आरएक्स_सक्सेस.

दिसतं ते असं:

१. लॉगमध्ये ‘यूडीपी ड्रॉप’च्या ओळी धडाधड येतात, पण आयपर्फ३ (ट्रॅफिकच्या चाचणीचं साधन) च्या यूडीपी सर्व्हरवर एकही पॅकेट कमी होत नाही.
२. स्लॅबटॉपमध्ये (कर्नलची मेमरी दाखवणारं साधन) एसकेबफ_हेड_कॅशे चढत जातं, उतरत नाही.
३. बाहेर जाणारी पॅकेट हँडलरला दिसतच नाहीत. टाइप बदलून ईटीएच_पी_ऑल केला की दिसतात.
४. ऑल केल्यावर हँडलरमध्ये एसकेबीचा प्रोटोकॉल हेक्स ०८०० शी ताडून बघतो, पण अट कधीच खरी होत नाही. छापला तर ०००८ येतो.

चूक एक आहे की चार?

---

नाकाबंदी

चार आहेत, पण पहिली तीन एकाच गैरसमजातून आली आहेत. पॅकेट_टाइप हे ऐकायचं ठिकाण आहे, अडवायचं नाही. तिथे नाव नोंदवणं म्हणजे ‘या इथरटाइपची एक प्रत मलाही द्या’ एवढंच. तुम्ही तुमच्या प्रतीचं काय करता याच्याशी बाकीच्यांना देणंघेणं नसतं.

आत काय होतं ते बघा. ड्रायव्हरकडून आलेलं पॅकेट __नेटिफ_रिसीव्ह_एसकेबी_कोअर या फंक्शनमध्ये येतं. तिथला क्रम ६.१ मध्ये ढोबळमानाने असा: जेनेरिक एक्सडीपी (पॅकेटवर सगळ्यात आधी चालणारी गाळणी), व्हीलॅन (एकाच तारेवरचं वेगळं आभासी नेटवर्क) टॅग काढणं, ‘ऑल’वाले सगळे श्रोते, टीसी इनग्रेस (इनग्रेस म्हणजे पॅकेट आत येतानाचा टप्पा), नेटफिल्टर इनग्रेस, व्हीलॅन डिव्हाइस, आरएक्स_हँडलर (ब्रिज, बाँड वगैरे), आणि सगळ्यात शेवटी इथरटाइपनुसार ठरलेले हँडलर. आयपीव्ही४ ची पॅकेट घेणारं आयपी_आरसीव्ही या शेवटच्या यादीत बसलेलं असतं. तुमचा हँडलरही त्याच यादीत, त्याच्या शेजारी. दोघंही ०८०० चे गिऱ्हाईक.

हँडलरला पॅकेट देण्याआधी डिलिव्हर_एसकेबी संदर्भमोजणी (पॅकेट किती जण धरून आहेत तो आकडा) एकने वाढवतं. यूडीपीला तुम्ही केफ्री_एसकेबी करता तेव्हा ती मोजणी एकने उतरते, बस. पॅकेट जिवंतच असतं आणि पुढच्या फेरीत आयपी_आरसीव्हीला मिळतं. एनईटी_आरएक्स_ड्रॉप या उत्तराकडेही कोणी बघत नाही. यादीतल्या शेवटच्याचं उत्तर वर परत जातं, पण त्यावरून पॅकेटचं भवितव्य ठरत नाही.

आता गळती. ती यूडीपीची नाही, बाकी सगळ्याची आहे! टीसीपी आणि आयसीएमपीला तुम्ही ‘सक्सेस’ म्हणून निघून जाता आणि आपल्या वाट्याचा संदर्भ सोडत नाही. मग आयपी_आरसीव्हीतलं एसकेबी_शेअर_चेक बघतं की एसकेबी सामायिक आहे, म्हणून क्लोन काढतं आणि मूळ प्रतीवरचा आपला हात सोडतं. मूळ प्रत एका संदर्भावर कायमची लटकते, आणि क्लोनचा डेटा तिच्याशी वाटून घेतलेला असल्यामुळे तोही सुटत नाही. हँडलरच्या प्रत्येक वाटेवर शेवटी केफ्री_एसकेबी किंवा कन्झ्यूम_एसकेबी हवंच. फरक इतकाच की कन्झ्यूम म्हणजे ‘काम झालं, सोडलं’ आणि केफ्री म्हणजे ‘टाकून दिलं’. ड्रॉप मोजणारी साधनं फक्त दुसरं मोजतात. नुसतं ऐकणाऱ्याने कन्झ्यूम वापरावं, नाहीतर नसलेले ड्रॉप दिसतात.

तिसरा मुद्दा: जाणाऱ्या पॅकेटच्या प्रती फक्त ‘ऑल’च्या यादीला मिळतात. विशिष्ट इथरटाइपवाल्याला मिळत नाहीत. हा बग नाही, रचनाच तशी आहे. ईटीएच_पी_आयपीवर बांधलेल्या पॅकेट सॉकेटलाही जाणारं काही दिसत नाही, ते याचमुळे.

चौथा मात्र साधा बाइट-क्रमाचा. एसकेबीमधला प्रोटोकॉल नेटवर्क क्रमात असतो आणि एक्स८६ वर तो उलटा वाचला जातो. रजिस्टर करताना एचटॉन्स लावलंत, तुलनेत विसरलात. तुलनेतही एचटॉन्स(ईटीएच_पी_आयपी) लिहा. स्थिरांक असल्यामुळे कंपायलर ते आधीच उलटवून ठेवतो, चालताना खर्च शून्य. मॉड्यूल एकदा स्पार्स (कर्नलचा कोड तपासणारं साधन) लावून बिल्ड करा, अशा जागा ते स्वतःच दाखवतं.

---

टेकूवाला

सगळं मोडायची गरज नाही. हँडलरमध्ये यूडीपी दिसलं की एसकेबीचा पीकेटी_टाइप बदलून पॅकेट_अदरहोस्ट करा. आयपी_आरसीव्ही सुरुवातीलाच ते तपासतं आणि ‘हे माझ्यासाठी नाही’ म्हणून टाकून देतं. एक ओळ वाढवली की काम झालं.

---

नाकाबंदी

चालतं हे खरं, पण हा टेकू कधी सरकेल सांगता येत नाही. प्रश्नकर्त्यांनी वापरू नये, कारण:

डेव्ह_ॲड_पॅक नवा हँडलर यादीच्या तोंडाशी घालतं. म्हणून उशिरा लोड झालेलं मॉड्यूल आज आयपी_आरसीव्हीच्या आधी चालतं. पण पॅकेट_टाइपमध्ये डेव्ह भरलं, म्हणजे ‘फक्त या पोर्टचं दे’ म्हटलं, की हँडलर त्या डिव्हाइसच्या वेगळ्या यादीत जातो, आणि ती यादी सामान्य यादीच्या *नंतर* फिरवली जाते. तोवर आयपी_आरसीव्ही क्लोन घेऊन पसार. तुम्ही मागे राहिलेल्या प्रतीवर शिक्का मारत बसता. कोड तोच, फक्त एक फील्ड भरलं आणि गाळणी बंद. कुठे एरर नाही, काही नाही.

शिवाय सामायिक एसकेबीत लिहिणं हेच मुळात चूक. लिहायचं असेल तर आधी एसकेबी_शेअर_चेक करायचं असतं, आणि ते केलंत की तुमची प्रत वेगळी होते, म्हणजे युक्तीच मेली. नियम पाळला तर चालत नाही आणि मोडला तरच चालतं, अशी ही गत आहे.

---

हुकवरचा_मासा

अडवायचं असेल तर नेटफिल्टर हुक (पॅकेटच्या वाटेवरच्या अशा जागा, जिथे आपलं फंक्शन लावून पॅकेट अडवता येतं). तुमच्या यादीत दोन थर आहेत, म्हणून दोन हुक लागतील.

इथरटाइपसाठी (एलएलडीपी, पीपीपीओई): पीएफ एनएफप्रोटो_नेटडेव्ह, हुक क्रमांक एनएफ_नेटडेव्ह_इनग्रेस, आणि डेव्हमध्ये तो पोर्ट. हा हुक डिव्हाइसला चिकटतो, त्यामुळे दोन पोर्टना दोन एनएफ_हुक_ऑप्स लागतात. कर्नल नेटफिल्टर इनग्रेसशिवाय बांधलेलं असेल तर रजिस्टर करताना उणे ९५ (ही सोय नाही) येतं. डेबियनच्या कर्नलमध्ये ते चालू असतं.

आयपी प्रोटोकॉलसाठी: पीएफ एनएफप्रोटो_आयपीव्ही४, हुक एनएफ_आयनेट_प्री_राउटिंग, प्राधान्य उणे ३०० (म्हणजे ‘रॉ’च्या जागी). कनेक्शन ट्रॅकिंग उणे २०० वर असतं, त्यामुळे टाकायचं पॅकेट ट्रॅकिंगच्या टेबलात शिरतच नाही. उणे ४०० वर तुकडे जोडणारा डीफ्रॅग असतो, पण फक्त प्रोटोकॉल बघायचा असेल तर त्याची वाट बघायची गरज नाही. आयपीव्ही४ मध्ये प्रोटोकॉलचा बाइट (हेडरच्या सुरुवातीपासून ९ वा, शून्यापासून मोजून) प्रत्येक तुकड्यात असतो. पोर्ट नंबर बघायची वेळ आली की मात्र डीफ्रॅगच्या नंतरच जावं लागतं, कारण पोर्ट फक्त पहिल्या तुकड्यात असतात.

फंक्शन तीन गोष्टी घेतं: प्रिव्ह, एसकेबी, आणि एनएफ_हुक_स्टेट. परत एनएफ_ॲक्सेप्ट किंवा एनएफ_ड्रॉप. जुन्या लेखांतलं एनएफ_रजिस्टर_हुक ४.१३ पासून नाही, आता एनएफ_रजिस्टर_नेट_हुक, आणि त्याला नेमस्पेस (नेटवर्कचा वेगळा कप्पा, जसा कंटेनरचा) द्यावी लागते. इथे हमखास पाय घसरतो: आयनिट_नेट दिलं तर गाळणी फक्त मूळ नेमस्पेसमध्ये लागते, कंटेनरमधलं ट्रॅफिक मोकळं. सगळीकडे हवी असेल तर परनेट_ऑपरेशन्सच्या इनिटमध्ये रजिस्टर करा. (पॅकेट_टाइपचं ६.१ मध्ये नेमकं उलट. डेव्ह नल असेल तर सगळ्या नेमस्पेसचं दिसतं.)

आता हुकच्या आत:

एनएफ_ड्रॉप परत करणार असाल तर स्वतः केफ्री_एसकेबी करू नका. गाभा ते करतो. दोन्ही केलंत की दुहेरी फ्री, आणि पॅनिक कुठल्या तरी भलत्याच फंक्शनमध्ये येईल. स्वतः फ्री करायचंच असेल तर एनएफ_स्टोलन.

प्री-राउटिंगला पोचेपर्यंत आयपी_आरसीव्हीने आवृत्ती, हेडरची लांबी, चेकसम तपासलेला असतो. म्हणून तिथे आयपी_एचडीआर सरळ वाचलं तरी चालतं. इनग्रेसला मात्र कोणीच काही तपासलेलं नसतं. तिथे आयपी हेडर वाचायचं तर आधी पीएसकेबी_मे_पुल(एसकेबी, २०), आणि त्याच्यानंतर पॉइंटर *पुन्हा* घ्यायचा. पुलमध्ये हेडर नव्या जागी हलू शकतं आणि आधी घेतलेला पॉइंटर मोकळ्या मेमरीकडे बघत राहतो. छोट्या पॅकेटांवर हा बग कधीच दिसत नाही, म्हणून चाचणीतून सुखरूप सुटतो.

इनग्रेसला एसकेबीचा डेटा पॉइंटर इथरनेट हेडर ओलांडून पुढे आलेला असतो. त्यात आणखी १४ मिळवू नका. इथरनेट हेडर हवं तर ईटीएच_एचडीआर.

प्री-राउटिंगमधून लूपबॅकही जातं. यूडीपी सरसकट टाकलंत तर १२७.०.०.५३ वरचा सिस्टिमडी-रिझॉल्व्हडही मरेल. स्टेटमधल्या ‘इन’ डिव्हाइसचा आयएफएफ_लूपबॅक ध्वज बघा आणि लागलेला असेल तर सोडून द्या. तसंही बाहेरून यूडीपी बंद म्हणजे डीएनएसची उत्तरं आणि एनटीपी (पोर्ट १२३) दोन्ही गेले. डीएनएस टीसीपीवर न्यायला रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये ‘ऑप्शन्स यूज-व्हीसी’ आहे, वेळेचं दुसरं काहीतरी बघावं लागेल. आयजीएमपी (२) तुमच्या यादीत नाही. मल्टिकास्ट वापरत असाल तर स्विच थोड्या वेळाने ते ट्रॅफिक पाठवणं थांबवेल, आणि दोष स्विचला जाईल.

राहिली चालू सिस्टिमवर बदलणारी यादी. लिंक्ड लिस्ट आणि स्पिनलॉकच्या फंदात पडू नका. आयपी प्रोटोकॉल क्रमांक ८ बिटांचा, म्हणजे २५६ शक्यता. बिटमॅप केला तर ३२ बाइट. इथरटाइप १६ बिटांचा, ६५,५३६ बिट म्हणजे ८ केबी. दोन्ही मॉड्यूलमध्ये स्टॅटिक ठेवा. हुकमध्ये टेस्ट_बिट, बदलताना सेट_बिट किंवा क्लिअर_बिट. लॉक नको, आरसीयू नको, यादी कितीही वाढली तरी शोध तेवढ्याच वेळात.

---

बिटफुटाणे

बिटमॅपसकट दोन्ही हुक लावले. आयपर्फचं यूडीपी आता शून्य, स्लॅब स्थिर. पण तीन गोष्टी अजून खटकतात:

अ) टीसीपीडंपमध्ये यूडीपी अजून येताना दिसतं.
आ) यूडीपी बंद असून डीएचसीपीने नवा पत्ता मिळतो.
इ) एलएलडीपी इनग्रेसला टाकतोय, काउंटर वाढतोय, तरी एलएलडीपीचा डीमन शेजारचा स्विच दाखवतो. दुसरा एक छोटा प्रोग्राम ८८सीसीवर पॅकेट सॉकेट उघडून ऐकतो, त्याला मात्र काही मिळत नाही.

गाळणी अर्धवट लागतेय का?

---

नाकाबंदी

पूर्ण लागतेय. वर दिलेला क्रम पुन्हा बघा, तिन्हींची उत्तरं त्यातच आहेत.

टीसीपीडंप ‘ऑल’च्या यादीत बसतं, आणि ती यादी नेटफिल्टरच्या आधी येते. येणाऱ्या बाजूला टीसीपीडंपमध्ये दिसलं म्हणजे ते तारेवरून आलं एवढंच कळतं, स्वीकारलं गेलं की नाही ते कळत नाही. जाणाऱ्या बाजूला उलट: लोकल-आउट किंवा पोस्ट-राउटिंगला टाकलेलं टीसीपीडंपला दिसत नाही, कारण तिथे प्रत सगळ्यात शेवटी, ड्रायव्हरकडे देताना निघते.

डीएचसीपी क्लायंटला पत्ता मिळण्याआधी नेहमीचं सॉकेट वापरता येत नाही, म्हणून तो पॅकेट सॉकेट उघडतो आणि त्याला बीपीएफ (कर्नलमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) फिल्टर लावून पोर्ट ६८ चं तेवढं उचलतो. त्याची प्रत प्री-राउटिंगच्या हुकपर्यंत जातच नाही. आयपीटेबल्सने डीएचसीपी अडवता येत नाही ही जुनी तक्रार ती हीच.

तिसऱ्यात फरक आहे तो सॉकेट कशावर बांधलंय याचा. डीमन ‘ऑल’वर ऐकत असेल तर त्याला इनग्रेसच्या आधी मिळतं. छोटा प्रोग्राम ८८सीसीवर बांधलेला, म्हणजे इनग्रेसच्या नंतरच्या यादीत, म्हणून त्याला काही मिळत नाही. कोण कशावर बसलंय ते /प्रॉक/नेट/पीटाइप मध्ये दिसतं. पहिल्या रकान्यात इथरटाइप किंवा ‘ऑल’, मग डिव्हाइस, मग फंक्शन. सॉकेटनुसार हवं असेल तर /प्रॉक/नेट/पॅकेट, तिथे ‘प्रोटो’च्या रकान्यात ०००३ दिसलं तर तो ऑलवाला.

खरंच ड्रॉप होतंय का आणि कुठे, हे टीसीपीडंपला न विचारता केफ्री_एसकेबीच्या ट्रेसपॉइंटला विचारा. ६.१ मध्ये त्यात कारणही येतं. तुमच्या यूडीपीसमोर ‘नेटफिल्टर_ड्रॉप’ असेल. ‘अनहँडल्ड_प्रोटो’ दिसलं तर ते गाळल्यामुळे नाही, त्या इथरटाइपला कोणी वालीच नव्हता म्हणून गेलंय. आणि हो, हुकमध्ये प्रत्येक ड्रॉपला प्रिंटके नको. सॉफ्टआयआरक्यूमध्ये चाललेलं असतं ते, सिरियल कन्सोल असेल तर बॉक्स गुदमरतो. निदान रेटलिमिटेड तरी करा.

---

शेजारचा_टॅग

व्हीलॅन असेल तर इथेच घोडं पेंड खातं, म्हणून आत्ताच बघून ठेवा.

टॅग लागलेलं पॅकेट इनग्रेस हुकला येईपर्यंत बाहेरचा टॅग काढून एसकेबीच्या मेटाडेटात ठेवलेला असतो, मग तो नेटवर्क कार्डाने काढलेला असो की कर्नलने. त्यामुळे तिथे एसकेबीचा प्रोटोकॉल ८१०० नसतो, आतला असतो. व्हीलॅन १० मधलं पीपीपीओई तिथे ८८६४ म्हणूनच दिसतं, आणि तुमचा बिटमॅप ते बरोबर टाकतो. दुहेरी टॅग असेल तर एकच निघतो. तेव्हा प्रोटोकॉल ८१०० दिसतो आणि आतलं पीपीपीओई सुटून जातं. तसं ट्रॅफिक येणार असेल तर आतलं व्हीलॅन हेडर स्वतः वाचावं लागेल (४ बाइट, इथरटाइप शेवटच्या दोनांत), किंवा ८१०० हाच बिट सरळ बंद करून दुहेरी टॅगच नाकारायचा.

हेच एनएफटीमध्ये (नेटफिल्टरचे नियम लिहायचं साधन) लिहिणाऱ्यांसाठी: ‘ईथर टाइप’ हा टॅगसकट फ्रेमचा बाहेरचा प्रकार बघतो, ‘मेटा प्रोटोकॉल’ एसकेबीचा. टॅग असलेल्या फ्रेमवर दोघांची उत्तरं वेगळी येतात. नियम बरोबर दिसतो आणि काउंटर शून्यावर बसून राहतो.

आणखी एक. इथरटाइपच्या जागेवरची संख्या हेक्स ०६०० (१५३६) पेक्षा कमी असेल तर ती लांबी असते, प्रकार नसतो. स्पॅनिंग ट्रीच्या फ्रेम अशाच येतात. कर्नल त्यांना ईटीएच_पी_८०२_२ असा आतला क्रमांक (०००४) देतं. ‘यादीत नाही ते सगळं बंद’ असं धोरण ठेवलंत आणि बॉक्स ब्रिज म्हणून चालत असेल तर ०००४ चा बिट चालू ठेवा. नाहीतर स्पॅनिंग ट्रीच गाळून टाकाल आणि नेटवर्कमध्ये लूप होईल. ब्रिजचाच विषय निघालाय तर: पोर्ट ब्रिजमध्ये घातला की नुसतं ब्रिज होणारं ट्रॅफिक आरएक्स_हँडलर उचलतो आणि तुमच्या प्री-राउटिंग हुकला ते दिसत नाही, बीआर_नेटफिल्टर लोड असेल तरच दिसतं. इनग्रेस हुकला मात्र दिसतं, कारण तो आरएक्स_हँडलरच्या आधी आहे.

---

हुकवरचा_मासा

आयपीव्ही६ ‘नंतर बघू’ म्हटलंय, पण तिथे आयपीव्ही४ चा कोड नक्कल करून चालणार नाही.

आयपीव्ही६ हेडर ४० बाइटांचं ठरलेलं. त्यातला ६ वा बाइट (शून्यापासून मोजून) ‘नेक्स्ट हेडर’. पण तो प्रोटोकॉलच असेल असं नाही. मध्ये हॉप-बाय-हॉप (०), राउटिंग (४३), फ्रॅगमेंट (४४), डेस्टिनेशन ऑप्शन्स (६०) अशी साखळी असू शकते. फक्त ६ वा बाइट १७ आहे का बघितलंत, तर यूडीपीच्या आधी एक रिकामं डेस्टिनेशन ऑप्शन्स घालून कोणीही गाळणीतून निघून जाईल. साखळी ओलांडायला आयपीव्ही६_फाइंड_एचडीआर वापरा: टार्गेट उणे १ दिलं की शेवटचा प्रोटोकॉल परत मिळतो. तुकड्याचा ऑफसेट घ्यायचा पॉइंटरही द्या. पहिला नसलेल्या तुकड्यात पुढचं वरच्या थराचं हेडर नसतंच, आणि मिळालेला प्रोटोकॉल फ्रॅगमेंट हेडरने सांगितलेला असतो. मुळात तुकड्यांमध्ये साखळी लपवता येऊ नये म्हणून आरएफसी ७११२ (२०१४) ने अख्खी साखळी पहिल्या तुकड्यातच असली पाहिजे असं ठरवलं. उत्तर ऋण आलं, म्हणजे साखळी वाचता आली नाही, तर ड्रॉप. तिथे मवाळपणा नको.

एनएफटीतही हाच सापळा: ‘आयपी६ नेक्स्टएचडीआर’ फक्त तो एक बाइट बघतो, ‘मेटा एल४प्रोटो’ साखळी ओलांडतो.

आणि आयपीव्ही६ मध्ये एआरपी नाही, शेजारी शोधणं आयसीएमपीव्ही६ वर (५८) चालतं. ५८ बंद केलंत तर काही सेकंद सगळं ठीक चालेल, शेजाऱ्यांची जुनी नोंद शिळी झाली की एकेक कनेक्शन गळत जाईल.

---

टेकूवाला

टेकू काढून घेतला. पण इतकं करण्यापेक्षा एक्सडीपी का नको? ड्रायव्हरमध्येच, एसकेबी तयार व्हायच्या आत पॅकेट टाकता येतं.

---

नाकाबंदी

दर सेकंदाला लाखोंनी कचरा येत असेल तर एक्सडीपीच. ४.८ पासून आहे. बिटमॅपच्या जागी बीपीएफचा ॲरे मॅप ठेवला की यादीही चालू सिस्टिमवर बदलता येते. हिशोब मात्र वेगळा. तिथे कच्ची फ्रेम मिळते, म्हणून इथरनेटचे १४ बाइट स्वतः ओलांडायचे, प्रत्येक वाचनाआधी डेटा_एंडशी तुलना करायची (नाहीतर व्हेरिफायर, म्हणजे प्रोग्राम आधी तपासणारा कर्नलचा भाग, लोडच करू देत नाही), आणि आयपी हेडर २० बाइट धरून न चालता आयएचएल (हेडरची लांबी सांगणारं फील्ड) गुणिले ४ घ्यायचं.

बारीक गोची व्हीलॅनची. कार्ड टॅग काढून घेत असेल तर तो डिस्क्रिप्टरमध्ये जातो आणि एक्सडीपीला फ्रेम टॅगशिवाय दिसते. तुमचा नियम टॅगवर अवलंबून असेल तर ईथटूलने ‘आरएक्सव्हीलॅन ऑफ’ करा. एमटीयू ९००० असेल तर कित्येक ड्रायव्हर नेटिव्ह मोडमध्ये साधा प्रोग्राम घेतच नाहीत. आणि एक्सडीपीने टाकलेलं टीसीपीडंपला दिसणार नाही, ‘ऑल’वर बसलेल्या एलएलडीपी डीमनलाही नाही. मुद्दा (इ) खरंच बंद करायचा असेल तर उपाय हाच.

प्रश्नात दोन पोर्टांचा बॉक्स आणि आधीच लिहिलेलं मॉड्यूल आहे. त्याला हुक पुरतात.

---

बिटफुटाणे

एलएलडीपीपुरतं एक्सडीपी, बाकी हुक असं केलं. डीमनला आता शेजारी दिसत नाही. शेवटचं एक: मॉड्यूल काढताना कधी कधी ‘अनरजिस्टर_नेटडिव्हाइस: वेटिंग फॉर … टू बिकम फ्री, युसेज काउंट = १’ येत राहतं. यूएसबीचं अडॅप्टर उपटल्यावर हमखास.

---

हुकवरचा_मासा

इनग्रेस हुकसाठी डिव्हाइस डेव्ह_गेट_बाय_नेमने घेतलंय आणि डेव्ह_पुट राहिलंय. ते डिव्हाइसचा संदर्भ धरून ठेवतं, म्हणून अडॅप्टर जायला बघतं पण जाऊ शकत नाही. नेटडिव्हाइस नोटिफायर लावा. नेटडेव्ह_अनरजिस्टर आलं की त्या पोर्टचा हुक एनएफ_अनरजिस्टर_नेट_हुकने काढा, मग डेव्ह_पुट. मॉड्यूलच्या एक्झिटमध्ये क्रम: आधी नोटिफायर काढा, मग उरलेले हुक, मग सिंक्रोनाइझ_आरसीयू, आणि त्यानंतरच इतर काही फ्री करा. नोटिफायर काढताना कर्नल शिल्लक डिव्हाइससाठी तुमच्या फंक्शनला ‘अनरजिस्टर’ची हाक स्वतःहून देतं, म्हणून तोच हुक दोनदा काढला जाणार नाही याची खूण (एक बूल पुरे) ठेवा.